पावणेदोन वर्षांच्या मुलासोबतचा दिवस: मार्दोळच्या एका आईला उत्तर

तुमचं पत्र सावकाश वाचलं. मुलगा पावणेदोन वर्षांचा, माहेर सावंतवाडीचं, सासर गोव्यात मार्दोळला, यजमान वेर्ण्याच्या कारखान्यात पाळीवर. पहाटेपासून रात्रीपर्यंत तुम्ही त्याच्या मागे असता आणि अंथरुणाला पाठ टेकल्यावर दिवसभरात आपण काय केलं ते सांगता येत नाही, असं तुम्ही लिहिलंय. तो धड जेवत नाही, मनाविरुद्ध झालं की जमिनीवर अंग टाकतो, कशालाही ‘नाका’, म्हणजे कोंकणीत ‘नको’, म्हणतो, पंधरा-वीसच शब्द बोलतो. घरात मराठी, कोंकणी आणि हिंदी अशा तीन भाषा कानावर पडतात, म्हणून त्याचा गोंधळ झालाय असं शेजारच्या बाईंचं म्हणणं. आणि अगदी शेवटी, थोडं बिचकत, तुम्ही लिहिलंय की त्याच्यावर एवढा जीव असूनही कधीकधी असा संताप येतो की स्वतःचीच भीती वाटते.

फोंडा तालुक्यात बालरोगतज्ज्ञ म्हणून काम करताना यातलं एकेक वाक्य मी वर्षानुवर्षं ऐकत आलेय. अशी आई समोर बसली की मी मुलाला तपासायच्या आधी तिला दिवस विचारते. किती वाजता उठतो, कधी काय पोटात जातं, दुपारी केव्हा झोपतो, दिवसातून किती वेळा त्याला कुणाच्या तरी घाईत ओढलं जातं. तक्रारीचं मूळ बहुतेक वेळा तिथेच सापडतं. या वयाच्या मुलाची चाल वेगळी असते आणि मोठ्यांच्या घराची वेगळी. दोन्हींची ओढाताण झाली की आपण दोष मुलाच्या हट्टी स्वभावाला देतो, नाहीतर आईला. तुम्ही तो स्वतःला दिलाय. तुमच्या पत्रात मला तसं काही दिसत नाही. दिसतोय तो एक चांगला वाढणारा मुलगा, एक दमलेली आई, आणि दिवसाच्या आखणीत बदलता येण्यासारख्या तीन-चार गोष्टी.

आधी त्या पायऱ्यांचं बघू. ओसरीच्या पायऱ्या उतरून तुळशीपर्यंत यायला त्याला पंधरा मिनिटं लागतात, प्रत्येक पायरीवर बसतो, चिऱ्याच्या भोकात बोट घालतो, मुंग्या बघतो, पुन्हा वर चढतो, आणि तुमचा जीव खालीवर होतो. या वयाची मुलं आधाराला धरून, एकेका पायरीवर दोन्ही पाय टेकवत उतरायला शिकत असतात. खालची पायरी किती खोल आहे याचा अंदाज त्याला अजून डोळ्यांनी येत नाही, तो पायाने घ्यावा लागतो, आणि त्यासाठी तीच पायरी पुनःपुन्हा उतरावी लागते. तुम्हाला जो वेळ वाया गेलेला वाटतो तो त्याच्या दिवसातला सर्वांत कामाचा वेळ आहे.

अशीच एक मुलगी मध्यंतरी माझ्याकडे आली होती, तुमच्या मुलाच्याच वयाची. आई माझ्याशी बोलत होती तोवर हिने पिशवीतला स्टीलचा गोल डबा काढला आणि जमिनीवर बसली. झाकण काढलं, लावलं. ते वाकडं बसलं, एका बाजूने वर राहिलं. तिने तळहाताने दाबलं तर दुसरी बाजू उचलली गेली. थोडा वेळ नुसतंच बघत राहिली. मग डावा हात डब्यावर ठेवून तो धरला, उजव्या हाताने झाकण जरासं फिरवलं आणि दाबलं. टक्क करून बसलं. तिने मान वर करून आईकडे पाहिलं, आई हसली, आणि हिने झाकण पुन्हा काढलं. आई म्हणाली, “दिवसभर हेच चालतं डॉक्टर, काही शिकवायला घेतलं तर बसत नाही.” मला तर त्या काही मिनिटांत जे तपासायचं होतं त्यातलं अर्धं अधिक दिसलं होतं. एका हाताने धरायचं आणि दुसऱ्याने काम करायचं, चुकलं तर वेगळं करून बघायचं, आणि जमलं की ते आपल्या माणसाला दाखवायचं. हे शेवटचं दाखवणं मला सर्वांत महत्त्वाचं वाटतं. जे मूल आपला आनंद दुसऱ्याच्या नजरेत शोधतं त्याची बोलण्याची, माणसात मिसळण्याची वाट बरीचशी मोकळी असते. तुमचा मुलगा मुंगी दिसली की तुमचा पदर ओढतो, असं तुम्ही जाता जाता लिहिलंय. ते वाक्य वाचून मला बरं वाटलं.

म्हणून पायऱ्यांसाठी दिवसातून एकदा त्याला हवा तेवढा वेळ द्या. एकदाच, पण पूर्ण. बाकीच्या वेळी घाई असेल तर सरळ उचलून घ्या. उचलून घेतल्याने काही बिघडत नाही. बिघडतं ते अर्धवट चालू देऊन मध्येच ‘चल, चल, उशीर होतोय’ म्हणत दंडाला धरून ओढल्याने. त्यात ना त्याचं काम होतं ना आपलं.

आता अंग टाकण्याविषयी. हे साधारण वर्ष-दीड वर्षापासून सुरू होतं, दोन ते तीनच्या दरम्यान सर्वांत जास्त असतं आणि चौथ्या वर्षापर्यंत बरंचसं ओसरतं. जवळजवळ प्रत्येक घरात असतं. त्याला काय हवंय ते त्याला ठाऊक असतं, सांगायला शब्द पुरत नाहीत, आणि मनात उसळलेलं आवरणारा मेंदूचा पुढचा भाग अजून फारच कोवळा असतो. तो भाग पूर्ण तयार व्हायला विशी उलटावी लागते. तेव्हा ‘मुद्दाम करतो’, ‘आईला बरोबर ओळखून आहे’ ही घरातली वाक्यं मनावर घेऊ नका. त्या क्षणी त्याच्या हातात काही नसतं.

तुमच्या हातात आहे ते त्याच्या आधीचं. एक वही घ्या आणि आठवडाभर, तो लोळला की फक्त वेळ आणि त्याआधी काय चाललं होतं ते लिहा. माझा अंदाज आहे की बहुतेक नोंदी दुपारच्या जेवणाआधीच्या तासात आणि दिवेलागणीच्या सुमारास येतील. म्हणजे भूक आणि झोप. परवा मार्दोळला फुलांच्या दुकानांपाशी त्याने रस्त्यात लोळण घेतली आणि चार बायका थांबून बघत राहिल्या, हे लिहिताना तुमचे हात थरथरले असतील. पण वेळ बघा, साडेबारा. सकाळी आठला अर्धी चपाती खाल्लेला, दुपारच्या झोपेला आलेला मुलगा, भर उन्हात, लोकांच्या पायांच्या गर्दीत. तेच काम सकाळी नऊला केलं असतं तर कदाचित तुम्ही जायांचे गजरे घेऊन हसत घरी आला असता.

लोळण घेतलीच तर एवढंच करा. रस्ता, दगड, गरम भांडं यांपासून त्याला बाजूला घ्या. त्याच्या उंचीवर बसा. बोलणं कमीत कमी. ‘राग आलाय तुला. मी इथेच आहे.’ बस्स. समजावणं, दरडावणं, ‘पोलीस येईल’ म्हणणं आणि बिस्किटाचा सौदा करणं, यातलं काही त्या वेळी आत पोचत नाही, आणि पोलिसाची भीती घातलेली मुलं नंतर रात्री दचकून उठतात ते मी बघते. मिनिटा-दोन मिनिटांत, कधी पाच-सात मिनिटांत ते ओसरतं. मग जवळ घ्या, पाणी द्या आणि जे करत होता ते पुढे चालू ठेवा. ज्या चॉकलेटसाठी रडला ते रडण्यामुळे देऊ नका. पण भुकेने रडला असेल तर जेवण नक्की द्या, त्यात हरणं-जिंकणं काही नाही.

‘नाका’बद्दल एक साधी युक्ती सांगते. ज्याला नाही म्हणणं चालणार नाही ते त्याला विचारूच नका. ‘आंघोळीला येतोस?’ असं विचारलं की उत्तर ठरलेलं. ‘आता आंघोळ. तांब्या तू धरतोस की मी धरू?’ असं म्हटलं तर त्याला स्वतःचं काही ठरवायला मिळतं, आणि आंघोळही होते. खेळ थांबवायचा असेल तर आधी सांगा, ‘अजून दोनदा पाणी ओत, मग घरात.’ आणि दोनदा झालं की खरंच उठा.

तुमच्या पत्रात तसं नाही, पण या वयाच्या आयांना मी सांगून ठेवते. काही मुलं रडता रडता श्वास रोखून धरतात, ओठ निळे पडतात, क्षणभर शुद्धही हरपते. घरातल्यांची गाळण उडते. बहुतेकदा श्वास आपोआप परत सुरू होतो आणि मूल सावरतं. पहिल्यांदा झालं तर डॉक्टरांना दाखवायचंच, आणि रक्तातलं लोह तपासून घ्यायचं, कारण लोह कमी असलेल्या मुलांत हा प्रकार जास्त दिसतो आणि लोह भरून आलं की पुष्कळदा कमी होतो.

लोहावरून जेवणाकडे येते, कारण तुमच्या पत्रातली खरी दुरुस्ती मला इथे करायचीय. ‘काही खात नाही’ असं तुम्ही लिहिलंय आणि दोन ओळी सोडून, ओघात, दुधाचा हिशोब आलाय. पहाटे एक बाटली, सकाळी एक, संध्याकाळी एक, आणि रात्री झोपताना तोंडात ठेवलेली एक. चारही मोठ्या बाटल्या धरल्या तर हे जवळजवळ लिटरभर दूध होतं. मग त्याच्या मुठीएवढ्या पोटात भाताला जागा कुठे राहणार? गाई-म्हशीच्या दुधात लोह जवळजवळ नसतं, आणि जास्त दूध पिणाऱ्या मुलांचं इतर अन्न मागे पडतं. दिवसाला चारशे ते पाचशे मिलिलिटर पुरे, तेही कपातून किंवा पेल्यातून. रात्रीची बाटली आधी काढा, कारण झोपेत दातांभोवती साचलेल्या दुधाने पुढचे दात किडतात. तीन-चार रात्री तो रडेल. त्या रात्री यजमानांची सुट्टी असेल अशा निवडा, आणि त्याला थोपटायचं काम त्यांच्याकडे द्या, कारण तुमचा वास आला की त्याला दूधच आठवेल.

दुसरी गोष्ट, या वयात भूक खरोखरच कमी होते. पहिल्या वर्षात मुलाचं वजन जवळजवळ तिप्पट होतं, दुसऱ्या वर्षात मात्र साधारण दोन-अडीच किलोच वाढतं. उंची पहिल्या वर्षी पंचवीसेक सेंटिमीटर, दुसऱ्या वर्षी त्याच्या निम्म्याने. वाढीची घाई संपलेली असते, त्यामुळे खाणं उतरतं, आणि नेमक्या त्याच वेळी घरातल्या मोठ्यांना वाटतं की मूल वाळलं. सासूबाईंना हे वजनाच्या तक्त्यावर दाखवा. अंगणवाडीत किंवा दवाखान्यात वजन करून माता-बाल संरक्षण कार्डावरच्या रेषेवर खूण केली की त्यांची काळजी शब्दांपेक्षा लवकर हलकी होईल.

तीन वेळचं जेवण आणि मध्ये दोनदा काहीतरी छोटं, यांच्या वेळा पक्क्या ठेवा. मधल्या काळात पाणी सोडून काही नाही. काय वाढायचं आणि केव्हा, हे तुम्ही ठरवायचं. किती खायचं ते त्याने. ताटली घेऊन अंगणभर त्याच्या मागे धावणं आजपासून बंद. तो सर्वांबरोबर पानावर बसला, त्याने हात माखून घेतले, निम्मं सांडलं, अर्ध्या तासात उठला, तर जेवण झालं. नवीन पदार्थ मुलं आठ-दहा वेळा, कधी पंधरा वेळा समोर आल्याशिवाय आपला म्हणत नाहीत, म्हणून एकदा थुंकला की ‘याला आवडत नाही’ असं ठरवून टाकू नका.

आणि आपल्याकडे या वयासाठी काय नाही? उकड्या तांदळाची पेज, तिच्यात घोटलेली मुगाची डाळ आणि वर चमचाभर तूप. नाचण्यांचं तिजान, म्हणजे पातळ खीर. अळसांद्यांचं तोणाक, म्हणजे चवळीची रस्सेदार उसळ, मिरची पडायच्या आधी त्याच्यापुरतं बाजूला काढलेलं. मुडदुशीचा तुकडा, काटे बोटांनी चाचपून काढून, भातात कुस्करलेला. तुमच्या घरी सोमवारी, गुरुवारी मासळी नसेल तर त्या दिवशी डाळ आणि अंडं, अंडंही चालत नसेल तर कडधान्य आणि वर लिंबू, कारण लिंबाने डाळीतलं लोह नीट शोषलं जातं. एक सवय मात्र मोडा. पोदेर, म्हणजे पाववाला, येऊन गेला की संध्याकाळी चहात पाव बुडवून मुलाला भरवायची आपल्याकडे जुनी रीत आहे, मोठ्या मायेने भरवतात. पण चहामुळे अन्नातलं लोह अडून राहतं. तोच पाव डाळीत बुडवा.

हा लोहाचा विषय मी लावून धरते त्याला कारण आहे. २०१९-२१ च्या राष्ट्रीय कुटुंब आरोग्य सर्वेक्षणात देशातल्या सहा महिने ते पाच वर्षं वयाच्या मुलांपैकी सदुसष्ट टक्के मुलांत रक्तक्षय आढळला. रक्त कमी असलेलं मूल चिडकं असतं, भूक मेलेली असते, लवकर दमतं, आणि आपण त्याला हट्टी म्हणतो. म्हणून सरकारी कार्यक्रमात या वयाला लोह आणि फॉलिक ॲसिडचं सिरप आठवड्यातून दोनदा, एकेक मिलिलिटर देतात. आरोग्य केंद्रात विचारा. पण तुमच्या मुलाचं दूध एवढं आहे की आधी हिमोग्लोबिन तपासू. कमी निघालं तर मात्रा वेगळी द्यावी लागते.

झोपेबद्दल. एक ते दोन वर्षांच्या मुलाला दुपार धरून अकरा ते चौदा तास झोप लागते. दीड वर्षाच्या आसपास दिवसाच्या दोन झोपांची एक होते, आणि ती एक चुकली तर संध्याकाळ हातची जाते. गोव्यात दुपारी दुकानांची शटरं खाली येतात, गाव सुस्तावतो, याचा लहान मुलांच्या घरांनी फायदा घ्यावा. साडेबाराला जेवण, एक-सव्वाला अंधाऱ्या खोलीत. तुम्हीही आडव्या व्हा, त्या वेळात भांडी घासायला उठू नका. यजमान दुसऱ्या पाळीला असले की ‘बाबाला बघू दे’ म्हणून मुलाला अकरापर्यंत जागं ठेवता, त्यामागची भावना मला कळते. पण त्या आठवड्यात बाबाची वेळ सकाळची असू दे. ते दुपारी निघतात ना? मग सकाळी सात ते नऊ मुलगा पूर्ण त्यांचा. आंघोळ, न्याहारी, पोदेराचा हॉर्न वाजला की गेटपर्यंत पळणं, सगळं त्यांच्यासोबत. नऊपर्यंत तुम्हाला कुणी हाक मारायची नाही. हे मदत म्हणून मागू नका. त्यांचाही मुलगा आहे.

आता बोलण्याकडे. शेजारच्या बाईंना नम्रपणे सांगा की अनेक भाषा ऐकल्याने बोलणं मागे पडत नाही. आपल्या गोव्यात पिढ्यानपिढ्या मुलं घरात कोंकणी बोलत, मराठी वाचत, बाजारात तिसरंच ऐकत मोठी झाली. त्यांपैकी कुणाची जीभ अडली नाही. या वयात वाक्यात भाषांची सरमिसळ होते, ती पुढे आपोआप निवळते. सासूबाईंनी कोंकणीच बोलावं, तुम्ही मराठीच बोला. ज्या भाषेत तुम्ही रागावता, लाड करता, गोष्ट सांगता, ती भाषा सोडून मुलाशी शाळेच्या भीतीने मोडकंतोडकं इंग्रजी बोलणाऱ्या आया पाहिल्या की मला खरोखर वाईट वाटतं. मुलाला मिळायचे ते हजारो भरलेले, जिवंत शब्द त्यात आटतात.

त्याचे शब्द मोजताना सगळ्या भाषांतले मोजा. तुमच्याकडे ‘पाणी’ मागतो आणि आजीकडे ‘उदक’, तर ते दोन शब्द. ‘भू-भू’, ‘काऊ’, ‘मम्’ हेही शब्दच, जर तो नेहमी त्याच गोष्टीसाठी वापरत असेल तर. असं मोजल्यावर आकडा बराच वर जाईल असं मला वाटतं.

तरीही ‘मुलगे उशिराच बोलतात, बाबाही तीन वर्षांचा होईपर्यंत बोलला नव्हता’ म्हणून गप्प बसायचं नाही. दोन वर्षं पूर्ण होताना साधारण पन्नास शब्द आणि दोन शब्द जोडून बोलणं, ‘बाबा गेला’, ‘अजून दे’, एवढं अपेक्षित असतं. तोवर ते आलं नाही तर सर्वांत आधी कान तपासायचे. आवाजाला दचकतो म्हणजे ऐकू येतं, हा समज पुरेसा नाही. सर्दीनंतर कानात पाणी साचून अर्धवट ऐकू येणारी मुलं घरात कुणाच्याच लक्षात येत नाहीत. याशिवाय चार गोष्टी मला तुमच्याकडून हव्यात. हवी ती वस्तू तो बोटाने दाखवतो का? नावाने हाक मारल्यावर वळतो का? हातवारे न करता ‘बाबाची चप्पल आण’ म्हटलं तर आणतो का? आणि आधी येणारे शब्द कधी गळले तर नाहीत ना? पहिली तीन उत्तरं हो आणि शेवटचं नाही असेल, तर मी निवांत आहे. यांत काही खटकलं तर दुसऱ्या वाढदिवसाची वाट न बघता या. अंगणवाडीत राष्ट्रीय बाल स्वास्थ्य कार्यक्रमाचं पथक वर्षातून दोनदा मुलं तपासायला येतं, तिथेही दाखवता येतं, आणि पुढची तपासणी लागली तर बांबोळीला गोमेकॉत, म्हणजे गोवा वैद्यकीय महाविद्यालयात, होते.

घरी काय करायचं? वेगळा वेळ काढू नका, तो तुमच्याकडे नाही. भेंडी चिरता चिरता बोला. तो ‘गाय’ म्हणाला की ‘हो, गाय आली. गाय गवत खाते,’ एवढं वाढवून परत द्या आणि मग थांबा. थांबणं विसरू नका. त्याला उत्तर जुळवायला आपल्यापेक्षा जास्त वेळ लागतो, आणि आपण मध्येच दुसरा प्रश्न टाकतो.

फोनविषयी तुम्ही एकच ओळ लिहिलीय, ‘स्वयंपाकापुरता देते’. २०२१ मध्ये भारतीय बालरोगतज्ज्ञ संघटनेने सांगितलं की दोन वर्षांखाली पडदा नकोच, अधूनमधून नातेवाइकांशी व्हिडिओ कॉल तेवढा चालेल. दोन ते पाच वयात जास्तीत जास्त एक तास, तोही मोठ्यांसोबत. जागतिक आरोग्य संघटनेचं २०१९ चं मार्गदर्शन जवळपास हेच आहे. सावंतवाडीच्या आजी-आजोबांशी तो फोनवर बोलतो ते खुशाल चालू ठेवा. स्वयंपाकाच्या वेळेसाठी ओट्याखालचं एक कपाट त्याला देऊन टाका. त्यात वाट्या, डबे, करवंटी, लाकडी पळी. आवाज होईल, पसारा होईल. पण तो तुमच्या पायाशी असेल, आणि तुम्ही पोळ्या लाटता लाटता त्याच्याशी बोलू शकाल. पावसाळ्यात, जेव्हा आठ-आठ दिवस अंगणात उतरता येत नाही, तेव्हा हे कपाट फारच उपयोगी पडतं. पावसाची सर हलकी असेल तर मात्र त्याला पाच मिनिटं भिजू द्या. अंग पुसून कोरडे कपडे घातले की झालं. सर्दी विषाणूंनी होते, पावसाने नाही.

एक कळकळीची विनंती. भरलेली बादली न्हाणीघरात ठेवून दार उघडं टाकू नका. या वयाचं मूल डोक्याकडून जड असतं, वाकलं की आत पडतं आणि त्याला बाहेर येता येत नाही. वीतभर पाणीही पुरतं, आणि आवाज होत नाही. परसातल्या विहिरीला जाळी नसेल तर ती याच महिन्यात बसवा, बाकीचा खर्च मागे ठेवा. संध्याकाळी देवळाच्या आवारात फिरायला नेता ते चांगलंच, पण तळीच्या काठी हात सुटता कामा नये. आणि अख्खे काजू, शेंगदाणे, फुटाणे पाच वर्षांपर्यंत देऊ नका. काजू कुटून पेजेत घाला. काजूच्या मुलखात राहून हे सांगायला लागतं, कारण श्वासनलिकेत अडकलेला दाणा काय करतो ते मी पाहिलंय.

शी-शूच्या सवयीची घाई नको. दोनेक तास कोरडा राहायला लागला, झाल्याचं सांगायला लागला की सुरू करू.

आता तुमच्या शेवटच्या ओळीबद्दल. दिवसभर एका लहान जीवाच्या तंत्राने चालणाऱ्या, रात्री तुकड्या-तुकड्यांत झोपणाऱ्या, आंघोळही दार उघडं ठेवून करणाऱ्या कोणत्याही बाईला राग येतो. तो आल्याने तुमची माया कमी ठरत नाही. पण हात उगारला जाईल असं वाटलं त्या क्षणी मुलाला पाळण्यात किंवा सासूबाईंकडे सुरक्षित ठेवा आणि ओसरीवर जा. तोंडावर पाणी मारा. तो दोन मिनिटं रडला तर काही होत नाही. श्वास जागेवर आला की परत या. त्याला मारायचं मात्र नाही, हलकंसुद्धा नाही, आणि गदागदा हलवायचं तर कधीच नाही, त्याने लहान मुलाच्या मेंदूत रक्तस्राव होऊ शकतो.

मला तुम्हाला काही विचारायचंय, आणि खरं उत्तर हवंय. तो झोपलेला असतानाही तुम्हाला झोप लागत नाही असं होतं का? गेले दोन आठवडे जवळजवळ रोज मन उदास, कशातच गोडी नाही, असं आहे का? आपण नसतो तर बरं झालं असतं, असं कधी मनात येतं का? यातल्या एकाचंही उत्तर हो असेल तर ते दुखणं आहे, त्यावर उपचार आहेत, आणि ते बाळंतपणानंतर वर्ष-दोन वर्षांनीही होतं. टेली-मानस या सरकारी मानसिक आरोग्य हेल्पलाइनचा १४४१६ हा नंबर फुकट आहे, रात्री-बेरात्री लागतो, मराठीत बोलता येतं. बांबोळीला मानसोपचार संस्थेची ओपीडी आहे. माझ्याकडे आलात तर मी स्वतः चिठ्ठी देईन. सोबत तुमचंही हिमोग्लोबिन आणि थायरॉईड करून घ्या. बाळंतपणानंतर बायकांचं रक्त तपासायचं राहूनच जातं, आणि दमणूक सगळी मनाच्या खात्यावर मांडली जाते.

सासूबाईंशी वाद घालू नका, त्यांना काम द्या. दुपारची झोप त्यांच्याकडे, ओव्या म्हणत थोपटणं त्यांच्याइतकं तुम्हाला जमणार नाही आणि त्यांनाही ते आवडेल. बिस्किटांवरून मतभेद असेल तर ‘डॉक्टरांनी सांगितलंय’ म्हणून माझं नाव खुशाल पुढे करा.

पुढच्या पंधरा दिवसांत एवढंच करा: रात्रीची बाटली बंद, दुपारची झोप पक्की, आणि सकाळचे दोन तास यजमानांकडे. बाकी सगळं नंतर. मग त्याला घेऊन या, शक्यतो सकाळी दहाच्या आधी, तो खाऊन-झोपून ताजा असेल तेव्हा. येताना वही आणा, त्याच्या शब्दांची यादी आणा आणि लसीकरणाचं कार्ड आणा. सोळा ते चोवीस महिन्यांमधला गोवर-रुबेलाचा दुसरा डोस आणि त्रिगुणी (डीपीटी) लसीचा बूस्टर झालाय का ते तुम्ही लिहिलेलं नाही. राहिला असेल तर त्याच दिवशी देऊन टाकू.